चावी खिशात

१ डिसेंबर
पोचलो एकदाचा! केदारखेड्याच्या अलीकडं, उसातच उभा हा नवा गूळ पावडरीचा कारखाना. आधी पुण्यात डिलिव्हरी केली, मंग नाशकात द्राक्षं, आता कॉम्प्युटर. बारावी नापास कल्याणला फिरती खुर्ची! कारखाना चालवणारं सॉफ्टवेअर तुकड्यातुकड्यांचं हाये: वजनकाटा, गव्हाण, बॉयलर. मी माणसांना विचारायचं, प्रत्येक गोष्टीचा ठिपका काढायचा, कोण कशावर अवलंबून त्याच्या रेघा ओढायच्या. त्या जाळ्यावरून कॉम्प्युटर माहितीपुस्तिका आपोआप लिहितो. इथल्या मॅनेजर आकांक्षा मॅडम म्हणाल्या, ठिपका न्हाई तर पुस्तिकेत वाक्य न्हाई, ध्यानात ठेव.

४ डिसेंबर
गव्हाण म्हणजे ऊस आत ओढणारा लोखंडी पट्टा. ती रखमाजीकाका सांभाळतात. म्हणाले, साफ करायला उतरणाऱ्यानं पॅनलची चावी काढून स्वतःच्या खिशात घालायची. नुसतं बटण बंद करून भागत न्हाई, वरचा माणूस विसरून चालू करतो. तेवढ्यात काट्यावर दोन ट्रॅक्टरवाल्यांची जुंपली. मी पळालो बघायला. आल्यावर काका हसले, लेकरा, तुझ्या बुडाखाली मुंग्या हायेत का म्हणून. चावीचा ठिपका राहिला. उद्या.

९ डिसेंबर
पुस्तिका छापून आली. चकाचक! काका लेकीकडं पिंपळगाव रेणुकाईला गेलेत. त्यांच्या जागी वसंता, नवा. पुस्तिकेतलं गव्हाणीचं पान वाचून बराबर तसंच करतो. मला सर म्हणतो. इथं दुसरं कुणीच म्हणत न्हाई. चावीचं तेवढं— उद्या.

११ डिसेंबर
वसंता गेला. सकाळी बटण बंद करून खाली उतरला. चावी पॅनललाच. वरच्यानं चालू केलं. त्याच्या खिशात माझं पान होतं, घडी घालून.
मॅडमनी विचारलं, काकांनी तुला चावीचं सांगितलं होतं का. मी न्हाई म्हणालो.

१३ डिसेंबर
चावीचं सांगितलं न्हाई म्हणून काकांना कामावरून काढलं. 
जाळ्यात नवा ठिपका. चावी. मी काढलेला न्हाई. त्याची रेघ माझ्या नावाला. पुसली.

१४ डिसेंबर
परत आली. पुसली. खिशात हात घातला तर चावी. तेलकट, गार. पॅनलला लावून आलो.

१५ डिसेंबर
पुन्हा खिशात.
पुस्तिकेला नवं पान. गव्हाण साफ करणे. पायरी एक: कल्याण उतरतो. पायरी दोन: चावी वसंताच्या खिशात.
मॅडमना दाखवलं. त्यांना कोरं दिसलं.

१६ डिसेंबर
सांगून टाकतो. काकांनी मला सांगितलं होतं. मीच—
मॅडमच्या केबिनकडं निघालो. पाय इकडं आले. गव्हाणीत उतरलोय. वही गुडघ्यावर. खिसे चाचपले, दोन्ही. चावी आज न्हाई—
वर पॅनलपाशी कुणीतरी मला सर म्हणून—