ब्लँक उद्या नक्की

३ मार्च
आजपासून रोज लिहायचं. आणि खोटं लिहायचं नाही.
थीसिसचा चौथा चॅप्टर या महिन्यात संपवणार. रंगाच्या कंपनीतली नोकरी एक एप्रिलला सुरू. तिथलं माझं टेबल खिडकीशी आहे. मुलाखतीला गेले तेव्हाच पाहून ठेवलंय. आमच्या लॅबला खिडकी नाही. माझे गाइड सर म्हणाले, चॅप्टर पटला तर सोडतो, नाहीतर विसर. पटेलच.

५ मार्च
घरी फोन. कॉलेजचं तोंड पाहिलेली घरात मी पहिलीच, त्यामुळे मी काय करते ते दर वेळी नव्यानं सांगावं लागतं. आज अगदी सोपं केलं. जमिनीतून निघणारं जड कच्चं तेल डांबरासारखं घट्ट असतं, कारण त्यातले अस्फाल्टीन नावाचे मोठे, चपटे रेणू एकमेकांना सोडत नाहीत. का सोडत नाहीत, ते मी शोधते. बाबा म्हणाले, वा. आत्यानं फोन ओढून घेतला. म्हणाली, पातळच करायचंय ना? मग ओत की त्यात काहीतरी पातळ! एवढ्यासाठी पाच वर्षं?
हसून सोडून दिलं. शिक्षण नसलं की असं होतं.

९ मार्च
जमलं!! सर म्हणतात, हे रेणू ताटल्यांसारखे एकावर एक बसतात, म्हणून तेल घट्ट. माझं म्हणणं, ताटल्या राहू देत. खरी पकड रेणूंच्या कडांना, ऑक्सिजन-नायट्रोजनपाशी. तिथून ते शेजाऱ्याचा हायड्रोजन धरून बसतात. मी तेल टोल्युइनमध्ये, म्हणजे थिनरसारख्या पातळ द्रावकात, विरघळवलं, रसायन घालून त्या कडा बंद केल्या, मग टोल्युइन उडवून टाकलं. तेल नऊपट पातळ! वजन तीनदा केलं. स्थिर. म्हणजे टोल्युइन पूर्ण गेलं.
फक्त ब्लँक, म्हणजे तुलनेसाठीची चाचणी, राहिलाय. तेच तेल, तेच टोल्युइन, रसायन तेवढं नाही. तो घट्टच निघणार. नुसती औपचारिकता. उद्या नक्की.

१० मार्च
ब्लँक झाला नाही. घट्टपणा मोजायच्या मशीनचा कप धुतला, पण मनासारखा स्वच्छ होईना. घाईचं माप घेण्यापेक्षा न घेतलेलं बरं.

१३ मार्च
डोकं दुखतंय. सरांना कसं सांगायचं याचाच विचार. माणसानं वीस वर्षं ताटल्या रचल्यात. हळूच सांगेन.

१६ मार्च, सकाळी
शेजारच्या टेबलावरच्या सीनियरनं विचारलं, ब्लँकचा मुहूर्त निघाला का? मी म्हटलं, तू तुझं बघ. त्याचं सातवं वर्ष चालू आहे. त्यानं मला शिकवावं?

संध्याकाळी
महिनाअखेर खोली सोडते म्हणून घरमालकिणीला कळवलं. मला शब्द पाळायला आवडतं, म्हणून आधी देऊन टाकला.

२१ मार्च
चॅप्टर पूर्ण! ब्लँकच्या रकान्यात ‘घट्ट’ लिहिलंय. पेन्सिलनं. पेन्सिलनं लिहिलेलं खोटं नसतं.

२४ मार्च, सकाळी
जेवण जात नाही. पेन्सिल. आज ब्लँक करतेच.

दुपारी
नऊपट पातळ. तोही.
मशीन बिघडलंय.

संध्याकाळी
मशीन ठणठणीत आहे. सीनियरनं बाटली नाकाशी नेली. म्हणाला, अगं बाई, टोल्युइन भपकन येतंय की! मला वास येत नाही. पाच वर्षांत नाक मेलंय. तेलावर साय धरली होती. टोल्युइन खाली अडकलेलं, म्हणून वजन हलेना. दोन्ही बाटल्या व्हॅक्यूममध्ये ठेवल्या. माझ्या रसायनाची अजून थोडी सरशी होऊ शकते.

२८ मार्च
दोन्ही नमुने पहिल्याइतकेच घट्ट. रसायनानं कणभर फरक नाही.

३० मार्च
सरांना सगळं सांगितलं, पेन्सिलसकट. हाकलतील म्हणून टेबल आवरूनच गेले होते.
सर खूश! म्हणाले, इतकी प्रामाणिक मुलगी वीस वर्षांत पाहिली नाही, तुला कसा सोडू? आता ताटल्यांवर काम कर, दोन वर्षांत होईल. कंपनीला त्यांनी स्वतःच फोन करून नाही म्हणून सांगितलं. मला तेवढाच त्रास वाचला. शिवाय विश्वासानं लॅबची किल्ली दिली. सीनियरलासुद्धा दिलेली नाही.
आता हवं तेव्हा आत जाता येईल.