जीव लावू नकोस

३ नोव्हेंबर १९६४
हे मूल राहायचं नाही. सातव्या महिन्यातलं, जेमतेम अडीच पौंड! खोक्यात कापूस घातला, दोन्ही बाजूंना गरम पाण्याच्या बाटल्या. या खेड्यातल्या दवाखान्यात आणखी काय आहे आमच्या हातात? आई हिरी, औंढ्याच्या वरच्या वाडीतली, पहिलटकरीण. दारातूनच हात पुढे करत होती. मी तिला मागं ओढलं. म्हटलं, “जीव लावू नकोस गं. नाही राहायचं हे.” बिचारीचं दुःख तेवढंच हलकं.

४ नोव्हेंबर
अजून आहे!

१२ नोव्हेंबर
हिरी घरी गेली ती गेलीच. आईचं दूध मिळतं तर किती बरं होतं! पण येतेय कोण? आमची बयाबाई शेळीचं दूध कोमट करून आणते, ते मी ड्रॉपरनं पाजते. आया असावी तर अशी. एक खाडा नाही.

२ डिसेंबर
साडेतीन पौंड! डॉक्टर म्हणाले, “सिस्टर, पोरगं चिवट आहे.” माझा आवाज ऐकला की रडं थांबवतो लबाड. खोटं कशाला लिहू, आवडतं मला ते. हिरीला निरोप धाडायला हवा होता. आज धाडते, उद्या धाडते करत राहिले.

२२ डिसेंबर
शेवटी धाडला. नवसू आणि हिरी, नवराबायको दोघं आली. मी बाळ पुढे केलं, तर ही भिंतीला चिकटून उभी, हात पदराखाली! “घे की गं, तुझंच आहे.” “न्हाई बाई. नगं.” काय बाई आहे की दगड! मी फाडफाड बोलले. ती ऐकून घेऊन निघून गेली.

२६ डिसेंबर
पुन्हा बोलावलं. पुन्हा तेच. किती दिवस ठेवणार इथं? पुण्याच्या अनाथाश्रमाला पत्र टाकलं. मीच टाकलं.

४ जानेवारी १९६५
आश्रमाच्या बाई दुपारच्या गाडीनं बाळाला घेऊन गेल्या. मूल कायमचं दिल्याच्या कागदावर हिरीनं अंगठा उठवला. एवढंच विचारलं, “तितं जगंल न्हवं?” मी पाठ फिरवून आत गेले. इतका राग आला होता.

संध्याकाळी
बयाबाई दुधाची वाटी घेऊन आली, भरलेली. हुंदके देत म्हणाली, “बाई, आता ह्ये कुटं वतू?”
शेळी नव्हतीच! दोन महिने हिरी रोज औंढ्याहून चालत यायची. मागच्या पडवीत बसून दूध काढून द्यायची, मी दिसले की लपायची. बयाबाईला शपथ घातलेली.
हिरी अजून पडवीतच बसली होती. मी ओरडलेच, “मग घेतलं का नाहीस?”
“तुमीच म्हनला व्हता, जीव लावू नगं, न्हाई ऱ्हायचं. म्या लावला असता तर त्यो गेला असता न्हवं? लांबून कसा वाढला बगा.”
देवा, काय करून बसले मी! उद्या पहिल्या गाडीनं हिरी आणि मी पुण्याला जातोय, बाळाला परत मागायला. पण अंगठा तर उठलाय.