कोरी राहिलेली सही

३ जून

ती. काकांस,
सा. न. वि. वि.

रागात लिहितेय, अक्षर सांभाळून घ्या. आमच्या शालेय शब्दकोशासाठी 'नाइस' या इंग्रजी विशेषणाची नोंद माझ्याकडे आली. मी पार मुळापर्यंत गेले. लॅटिनमध्ये 'काही न जाणणारा'. फ्रेंचमधून इंग्रजीत आला तो 'मूर्ख' होऊन. पुढे चोखंदळ, नाजूक, काटेकोर आणि बऱ्याच उशिरा 'छान'. नाइसर, नाइसेस्ट, नाइसली ही भावंडंही मांडली. 'नाइसिटी'त जुना काटेकोरपणा अजून टिकून आहे, तेही लिहिलं.

संपादकसाहेबांनी सगळ्यावर काट मारून 'छान, चांगला' एवढंच ठेवलं. मुलांना जास्त लागत नाही म्हणे! आमच्याकडे लिहिणाऱ्याच्या सहीशिवाय पान छपाईला जात नाही. पुढच्या शनिवारपर्यंत सही कर, नाहीतर दुसरी नोकरी बघ, असं बजावलंय. मी करणार नाही.

आशीर्वाद असू द्या, ओरडा नंतर.
तुमची मिरची

९ जून

चि. मिरचीस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझ्या पत्रासोबतची नोंद वाचली. मध्येच डुलकी लागली, खरं सांगतो. अगं, एवढं पाल्हाळ कोण वाचणार? चार ओळींत बसव, पण एकही अर्थ गाळू नकोस. साहेबांशी जरा गोडीने बोल. या नोकरीसाठी किती चपला झिजवल्यास ते पाहिलंय, म्हणून जीव घाबरतो. काकू म्हणते, पोरगी तुमच्यावरच गेलीय. मी विषय बदलला.

खुशाली कळव, लोभ वाढता ठेव.
तुझा काका

१६ जून

ती. काकांस,
सा. न. वि. वि.

डुलकीचं मानलं. चार ओळी केल्या, सगळे अर्थ बसले. गोडीने बोलूनही पाहिलं. साहेब हटले नाहीत, मीही नाही. शनिवारी माझं टेबल रिकामं झालं.

पुढचं ऑफिसात शेजारच्या टेबलावर बसणारीने फोनवर सांगितलं. साहेबांनी पान तिच्यापुढे सरकवलं, तर तिने सरळ नकार दिला. मग तसंच छपाईला धाडलं, ते मशीनवाल्याने परत पाठवलं. सहीचा नियम साहेबांनीच केलेला! स्वतः सही करायला ते धजत नाहीत, कारण वाचकाची तक्रार आली की सही करणाऱ्यालाच उत्तर द्यावं लागतं.

 ऑफिसचा जिना उतरताना माझी मान खाली गेली नाही. रविवारी येतेय. काकूला सांगा, हरून येत नाहीये. पान अजून साहेबांच्या टेबलावर पडून आहे आणि सहीची जागा कोरी आहे. ती माझी जागा आहे.

लोभ आहे तसाच राहू द्या, तिखट लागला तरी.
तुमची मिरची