शेंदराखालची अक्षरे

बोर्ली पंचतन,
ता. ४ एप्रिल १९३१

ती. सौ. सगुणाताईस,
सदाचे कृ. सा. न. वि. वि.

आमच्या संशोधन मंडळावरून चिडवले आहेस. चिडव बापडी. मंडळाच्या नावात कुलाबा आधी की जंजिरा आधी, यावर भांडून निम्मे सभासद घरी बसले, बाकीचे कंटाळले. उरलो मी आणि बदरुद्दीनभाई, आणि त्यांना दम्याने चालवत नाही. आपल्या किनाऱ्याचा इतिहास आपणच धुंडाळावा, एवढेच तर म्हणत होतो! खरेच थकलो ग.

एकच आशा आहे. इथल्या भागोजी शेतकऱ्याच्या बांधावर एक जुना दगड आहे. त्याच्या घरी मूल जन्मले की दगडावर शेंदूर चढवतात. त्या थरांखाली कोरीव लेख निघाला. भागोजीने शाळामास्तराच्या भिडेखातर थर काढू दिले. महिनाअखेर मुंबईच्या संस्थेचे दोघे विद्वान आगबोटीने दिघी बंदरात उतरून स्वतः लेखाचा कागदावर ठसा घेतील. लेख पसंत पडला तर आम्ही त्यांची शाखा, नाही तर मंडळाला टाळे. भागोजीची सून बायजा गरोदर आहे, पण तिला अजून अवकाश आहे.

मुलांना आशीर्वाद. माझ्यावर रागावलीस तरी लोभ कमी करू नकोस.
तुझा,
सदा

बोर्ली पंचतन,
ता. ३ मे

ती. ताईस सा. न.

बायजा आठव्या महिन्यातच बाळंत झाली. मुलगी. दूध ओढीना. भागोजीची आई भागुबाई शाळेच्या दारात येऊन रडू लागली, की दगड उघडा हाय म्हणून पोर जीव धरत न्हाय. पाहुणे चार दिवसांवर आले होते. थांबा म्हणणार होतो, पण तिच्याकडे पाहून उठलो. मीच शेंदूर कालवला आणि अक्षरे बुजवली. बदरुद्दीनभाई धापा टाकीत आले आणि तेलाची वाटी धरून उभे राहिले.

पाहुण्यांनी शेंदूर पुन्हा काढायला सांगितले. मी नाही म्हटले. ते आमच्या अडाणीपणाला हसले, आंबे खाल्ले आणि परतीची बोट धरली. मंडळ संपले.

लोभ असू दे.
सदा

गिरगाव, मुंबई,
ता. ९ मे

चि. सदास अनेक आशीर्वाद.

केलेस ते बरे केलेस. मंडळ काय, पुन्हा निघेल. पण वेड्या, पाहुण्यांनी आंबे खाल्ले तेसुद्धा लिहिलेस, आणि ती मुलगी कशी आहे ते नाही! उलट टपाली कळव. तिच्यासाठी दोन झबली पाठवते आहे. जेवणाची हयगय करू नकोस.

तुझी काळजी करणारी,
ताई

बोर्ली पंचतन,
ता. १६ मे

ती. ताईस सा. न.

झबली पोचली. मुलगी मी मागचे पत्र लिहिले त्याआधीच गेली होती. त्यात तिच्याविषयी लिहायचा मला धीर झाला नव्हता.

काल भागोजी आपण होऊन आला. म्हणाला की मास्तर, काढा आता शेंदूर, बोलवा तुमच्या मंडळींना, आता आमी कुणासाठी झाकून ठेवायचा? पावसाळ्यासाठी आगबोटी बंद व्हायला अजून थोडे दिवस आहेत. मुंबईला पत्र टाकायचे का, असे बदरुद्दीनभाई दोनदा विचारून गेले.

आज सुरी घेऊन बांधावर गेलो होतो. शेंदूर अजून बोटाला लागतो. तसाच परत आलो. माझ्याने होणार नाही, ताई.

आहे तसा लोभ राहू दे.
सदा