चष्म्याच्या डबीतील गोळ्या

४ जून, सकाळ
मी, वय वर्षे एकोणऐंशी, शिक्षण इयत्ता चौथी उत्तीर्ण, छापखान्यातील निवृत्त हेड कंपोझिटर, पूर्ण शुद्धीवर नमूद करतो, की माझे डोळे उत्तम आहेत. उजव्यात किंचित धुके आहे, इतकेच.
डोळ्यांच्या डॉक्टरीणबाईंच्या मते ही साधी सूज नसावी. डोळ्याच्या आतला लिम्फोमा, म्हणजे दुर्मीळ कॅन्सर असावा. आतला गर काढून तपासतील. तोवर तीन आठवडे स्टेरॉइडची एकही गोळी नाही. मी शब्द दिला. मी शब्द मोडत नाही.

११ जून
धुके दाट. खिडकीजवळच्या खुर्चीत करडी आकृती बसते. मान आमच्या हिच्यासारखी कलती. हिला जाऊन सहा वर्षे झाली. हयातीत मी खोटे बोललो की ही अशीच मुकाट पाहत असे.
सून म्हणाली, बाबा, डोळ्यात तरंगणाऱ्या पेशी आहेत त्या, आई नव्हेत. मला ते ठाऊक होतेच. खुर्ची भिंतीकडे वळवली.

१२ जून
आकृतीही भिंतीकडे तोंड करून बसली.

१४ जून
चष्म्याच्या डबीत सुजेवरच्या जुन्या स्टेरॉइडच्या गोळ्या सापडल्या. मीच ठेवल्या होत्या. अर्धी घेतली. अर्धी म्हणजे घेतल्यासारखी नव्हे.

१८ जून
रोज अर्धी. खुर्ची रिकामी. निश्चय: उद्यापासून बंद.

२५ जून
गर काढला. त्याआधी डॉक्टरीणबाईंनी विचारले, आजोबा, गोळी नाही ना घेतलीत? मी म्हणालो, छपाईच्या खिळ्यांवरची उलटी अक्षरे सुलटी वाचण्यात ज्याचा जन्म गेला, त्याला हे विचारता? त्या हसल्या. मी खोटे बोललो नाही. मी प्रश्न विचारला.

३ जुलै
रिपोर्ट: कॅन्सरच्या पेशी आढळल्या नाहीत. सुनेने डोळे पुसले. मी म्हणालो, सांगत नव्हतो? डॉक्टरीणबाईंनी मात्र कागद दोनदा वाचला.

१९ जुलै
गोळ्या संपल्या. धुके दोन्ही डोळ्यांत. ही आता खुर्चीत बसत नाही. जवळ येते.

२४ जुलै, दवाखाना
डॉक्टरीणबाई म्हणाल्या, स्टेरॉइड कॅन्सरच्या पेशी तात्पुरत्या पुसून टाकते, आजार आतच राहतो. तो मेंदूतही उतरतो, आता स्कॅन हवा. चष्मा पुसण्यासाठी सुनेने माझी डबी उघडली. आत गोळ्यांची रिकामी पट्टी. ती ओरडली नाही. अहो बाबा, सांगायचंत ना, एवढेच म्हणाली.
कबूल करतो, की मी कॅन्सरला नव्हे, हिला भ्यालो. गर पुन्हा काढतील. डबी सुनेच्या ताब्यात दिली. वरील ओळी सरळ आल्या की नाही, मला दिसत नाही.
समक्ष हजर: डॉक्टरीणबाई. सून. आणि दाराशी उभी, ही. मुकाट.