न झिजलेली टाच

४ ऑक्टोबर

ती. बाबांस,
भिंगरीचा शि. सा. नमस्कार. वि. वि.

पत्र नेहमीच्या जागी, उजव्या बुटाच्या चवड्यात कोंबलंय. डाव्यात नुसते वर्तमानपत्राचे बोळे आहेत. ते उलगडून वाचत बसू नका, तुम्हाला ही भाषा येत नाही आणि मलाही दोन वर्षांत जेमतेम निम्मी आलीय. फोनवर तुम्ही बरंय, ठेवतो, यापलीकडे काही बोलत नाही, म्हणून चौतिसाव्या वर्षीही मला बुटांतून पत्रं पाठवावी लागतात. इथल्या पोरी हसायच्या. मग मी सांगितलं की माझ्या वडलांचं बूट दुरुस्तीचं दुकान आहे, आणि तीन देशांत, अकरा हंगामांत माझ्या बुटांना त्यांच्याशिवाय कुणाचा हात लागलेला नाही. दुसऱ्या दिवशी तिघी आपापले फाटके बूट घेऊन माझ्या दारात उभ्या.

यंदाचा हंगाम झकास चाललाय. सगळे सामने खेळले, दोन गोल झाले. पाय ठणठणीत. मैदान अजून मऊ आहे, थंडी वाढली की फरशीवर खेळल्यासारखं होईल. क्लबच्या बूटखोलीच्या बाईंनी बुटाच्या जिभेच्या आत माझा नऊ नंबर नव्याने पक्क्या शाईने लिहिलाय, बघून घ्या. चाचणीला आलेल्या पोरींच्या बुटांवर त्या नुसती खडूची फुली मारतात, करार झाला की मगच शाई. परवा एका पोरीने फुली पुसून स्वतःच आकडा लिहिला, तर बाईंनी तिला सगळ्यांसमोर फैलावर घेतलं.

काम थोडंच आहे. तळाचे स्टड बघा आणि उजवीकडची शिवण जरा आवळा. आत्याला सांगा, मी दोन वेळा जेवते आणि केस विंचरते. ती तिसरं काहीतरी विचारेल, त्याचं उत्तर मला मिळालेलं नाही असं सांगा.

माया आहेच, ती पातळ होऊ देऊ नका.

आपली,
भिंगरी


२६ ऑक्टोबर

चि. भिंगरीस,
अ. उ. आ. वि. वि.

बूट पोचले. तुझे बूट कुठे आहेत?

मला आता बारीक दिसत नाही, पण बोटांना दिसतं. तू सहा वर्षांची असल्यापासून तुझ्या पायाचं दुसरं बोट अंगठ्यापेक्षा लांब आहे. नवा बूट असला तरी महिन्याभरात तिथे टेंगूळ येतं. ह्या बुटात तिथे सपाट. बरं, ह्या बुटांची मालकीण पुढे पळतच नाही. चवडा कोरा आहे आणि दोन्ही तळांच्या कडा बाहेरून घासल्यात. ही बाई आडवी सरकते, उडी मारते, पुन्हा आडवी सरकते. भिंगरी, तू मला गोलकीपरचे बूट पाठवलेस. दुसऱ्या कुणाच्या डोळ्यांत धूळ फेकायची तर फेक, पण चाळीस वर्षं लोकांचे तळ बघणाऱ्या माणसाशी हा खेळ खेळू नकोस.

तुझ्या आत्याला खिडकीशी नेऊन जीभ उलटून दाखवली. तिने सांगितलं, नऊच्या खाली एक आकडा खरवडून पुसलेला आहे. बूटखोलीतल्या बाईंनी फैलावर घेतलेली ती पोरगी कोण, ते मला कळलं.

आता नीट ऐक. पहिल्या देशातून बूट यायचे तेव्हा तळाला ओल्या मातीचे गोळे असायचे. दुसऱ्या देशातून प्लास्टिकच्या गवतातले काळे रबरी दाणे यायचे, अजून कपाटाखाली सापडतात. तुझा एकेक देश मी ह्या दुकानात झाडूने गोळा केलाय. तू कुठे पडलीस, कुठल्या महिन्यात तुला बसवून ठेवलं, कधी चिडून भिंतीवर लाथ मारलीस, ते सगळं मला कळत होतं आणि मी विचारलं नाही. कारण तू लपवत नव्हतीस. आज लपवलंस म्हणून विचारतो. कुठला पाय?

गोलकीपर बाईंचे बूट दुरुस्त करून परत पाठवतोय. उजव्या टाचेखाली चामड्याची चकती घातलीय, त्यांच्या कमरेला आराम पडेल. त्यांचा ह्यात काही दोष नाही.

रागावलोय, पण आशीर्वादात कपात केलेली नाही.

तुझा,
बाबा


(त्याच पुडक्यात, डाव्या बुटात)

चि. भिंगरी,
आशीर्वाद. दादाला न सांगता लिहितेय. पत्र डाव्या बुटात घातलंय, कारण उजवा त्याचा.

तुझे बूट आल्यापासून तो जेवताना बोलत नाही. मी त्याची धाकटी बहीण, पण मला त्याला झापायचा हक्क आहे आणि तुला तर त्याहून जास्त. बये, आता पुरे. चौतीस वर्षांची झालीस. तुझ्या वर्गातल्या एकीची मुलगी तू शाळेच्या मैदानावर पळायला लागलीस त्या वयाची झाली. तू आणि तुझा बाप, दोघंही एका मातीचे. त्याचे हात थरथरतात, सुईत दोरा ओवायला पाव तास लागतो, तरी दुकान बंद कर म्हटलं की माझ्याकडे असा बघतो जणू मी त्याचा गळा दाबतेय. तू म्हणालीस तर तो ऐकेल. तू थांब, मग तोही थांबेल. दोघं घरी बसा, मला सुखाने भांडू दे.

राग मानलास तरी चालेल, पण उत्तर दे.

तुझी,
आत्या


११ नोव्हेंबर

ती. बाबांस,
शि. सा. नमस्कार. वि. वि.

डावा. गुडघा.

चार महिने झाले. भर उन्हाळ्यात, हंगामाआधीच्या एका सराव सामन्यात वळताना आत काहीतरी सुटलं. मला तो आवाज ऐकू आला, बाबा. क्लबच्या डॉक्टरांनी फोटो काढून सांगितलं की खेळणं बंद. यंदा मी एकही सामना खेळलेले नाही. ते दोन गोल खोटे आहेत, सगळ्यांत जास्त त्यांचीच लाज वाटते. नऊ नंबर एका वीस वर्षांच्या पोरीला दिलाय. चांगली खेळते, जळून सांगत नाही.

मग एके दिवशी मॅनेजरने ऑफिसात बोलावलं. खुर्ची दिली, कॉफी दिली, तेव्हाच पाल चुकचुकली. म्हणाला, तुमच्यासाठी मोठ्या मानाचं काम काढलंय. क्लबचा कोट घालायचा, सामन्याच्या दिवशी काचेच्या खोलीत बसायचं, पाहुण्यांशी हात मिळवायचे आणि जिन्यात लावलेल्या माझ्या फोटोखाली उभं राहायचं. मी विचारलं, फोटोखाली मी उभी राहायची तर फोटो कशाला हवा? त्याला ते आवडलं नाही. मी कोट टेबलावर ठेवला आणि चालत बाहेर आले. लंगडले नाही. जिना उतरेपर्यंत तरी नाही.

नंतर स्वतः शोधून दुसऱ्या डॉक्टरीणबाई गाठल्या. त्यांचं कुठल्याच क्लबशी देणंघेणं नाही. त्यांनी गुडघा अर्धा तास हलवून, वाकवून बघितला. म्हणाल्या, मांडीचे स्नायू तयार केले तर खेळता येईल, पण हमी देणार नाही, आणि निर्णय तुमचा. तेव्हापासून रोज सकाळी खोलीतल्या पलंगाला रबरी पट्टा बांधून पाय ओढतेय. दहा आठवडे झाले. पलंग आता दारापाशी सरकलाय.

चौथ्या देशातला एक क्लब आहे. खालच्या विभागातला, मैदानाला एकाच बाजूला छप्पर. त्यांनी जानेवारीत दहा दिवस चाचणीला बोलावलंय. चाचणी म्हणजे खडूची फुली, हे तुम्हाला माहीत आहे. अकरा हंगामांनंतर पुन्हा फुली. मला तिची लाज वाटत नाही. लाज वाटते ती त्या कोटाची.

गोलकीपरच्या चकतीने तिची कमर दुखायची थांबलीय. ती तुम्हाला देव मानते आणि मला मूर्ख.

ह्या वेळी माझेच बूट पाठवतेय, नवे, आत आकडा नसलेले. गेले पाच आठवडे ह्याच बुटांनी मागच्या मैदानावर एकटी पळतेय. तुम्ही बोटांनी बघा आणि खरं सांगा. डॉक्टरांनी बंद कर म्हटलं तेव्हा मी ऐकलं नाही, मॅनेजरचं ऐकलं नाही, आत्याचं तर ऐकणारच नाही. पण हे बूट थांब म्हणतायत असं तुम्ही लिहिलंत, तर मी तिकीट काढून घरी येते. शब्द देते. चाचणीला जायचं की नाही, ते तुमच्या पत्रावर.

मी खोटं बोलले तेवढं पोटात घाला, बाकीची मी जशी आहे तशीच हातात घ्या.

आपली,
भिंगरी

ता. क. आत्यास नमस्कार. डाव्या बुटातलं पत्र मिळालं. बाबांना दुकान बंद करा असं मी कधीच सांगणार नाही. तू सुईत दोरा ओवून का देत नाहीस?


५ डिसेंबर

चि. भिंगरीस,
अ. उ. आ. वि. वि.

उत्तराला उशीर झाला कारण तू माझ्या गळ्यात मोठं ओझं अडकवलंस. बाप म्हणून विचारलं असतंस तर पहिल्याच दिवशी ये घरी असं लिहून मोकळा झालो असतो. तू कारागिराला विचारलंस. मग आठ दिवस बूट समोर ठेवले, दुसरी कामं केली, आणि रोज सकाळी ऊन फळीवर आलं की पाच मिनिटं हातात घेतले.

जे आहे ते सांगतो. डावा तळ उजव्याच्या निम्मासुद्धा झिजलेला नाही. म्हणजे अजून त्या पायावर पूर्ण भार टाकत नाहीस. तुला वाटत असेल टाकतेस. नाही टाकत. उजव्या बुटाची आतली शिवण ताणलीय, म्हणजे डाव्याचं काम उजव्याकडून करून घेतेस. असंच चाललं तर उजवाही जाईल. हे वाचून तुला राग येईल, येऊ दे.

आता दुसरं. माझ्याकडे नाना तऱ्हेची माणसं येतात. ज्याच्या मनात थांबायचं असतं, त्याची टाच आधी झिजते. तो पळतानाही टाच रोवतो, मागे रेलतो. त्याला स्वतःला कळत नाही, पण तळ सगळं सांगतो. तुझ्या दोन्ही टाचा बघितल्या. एकदा नाही, आठ दिवस. स्टडच्या कडा अजून तशाच धारदार आहेत, नखाला लागतात. गुडघा फाटला, नंबर गेला, रिकाम्या मैदानावर एकटी पळतेस, आणि बुटाची टाच दुकानातून आणल्यासारखी. अकराव्या वर्षी शाळेच्या मैदानावरून जे पहिले बूट माझ्याकडे आणलेस, त्यांची टाच अशीच होती.

हे बूट थांब म्हणत नाहीत. मी ते त्यांच्या तोंडी घालणार नाही.

जा. तुझी आई असती तर तिनेही हेच म्हटलं असतं, फक्त माझ्याइतका वेळ लावला नसता. डाव्यात आतल्या बाजूला चामड्याची पातळ पट्टी बसवलीय, पाय सरळ पडेल. बाहेरच्या बाजूचे दोन स्टड थोडे बुटके केलेत, वळताना जमीन पाय धरून ठेवणार नाही. डॉक्टरीणबाईंना दाखव आणि त्यांनी काढ म्हटलं तर काढ. पट्टा ओढायचा नेम मोडू नकोस. आणि मला पुन्हा खोटं लिहिलंस तर बूट दुरुस्तीला दुसरीकडे पाठव.

पायांवर लक्ष ठेव, आमच्यावर नाही ठेवलंस तरी चालेल.

तुझा,
बाबा


२ फेब्रुवारी

चि. भिंगरी,
आत्याचे अनेक आशीर्वाद. हे पत्र उजव्या बुटात आहे, कारण आज मी दुकानाच्या वतीने लिहितेय. दादाला वेळ नाही.

तुझं पुडकं आज सकाळी आलं. दादाने आधी उजव्या बुटात हात घातला. काही नाही. डाव्यात घातला, तिथेही नाही. पुडकं उलटं करून झटकलं, तर पिवळट वाळू पडली, बाकी कागदाचा कपटा नाही. त्याचा चेहरा बघवेना. मला वाटलं, झालं, पोरीला लिहायलाही शब्द उरले नाहीत. मनातल्या मनात तुझी खोली आवरायला घेतली होती, खरं सांगते.

मग त्याने डावा बूट उचलला आणि तळावरून बोटं फिरवली. सावकाश, कडेने, मग मधून. म्हणाला, दोन्ही सारखे झिजलेत. पोरगी डाव्या पायावर उभी राहिली. मग टाच चाचपली, स्टडच्या कडेला नख लावून बघितलं. मी विचारलं, काय झालं, तर बूट माझ्याकडे देऊन म्हणाला, जीभ उलट आणि वाच.

मी खिडकीशी गेले. भिंगरे, मला खडूची फुली दिसेल, किंवा पुसलेली फुली दिसेल, असं धरून चालले होते. जीभ उलटली. एकतीस. काळ्या शाईत, हा एवढा मोठा. मी बोट ओलं करून घासलं, पुसला गेला नाही. खाली दुसरा आकडा आहे का तेही बघितलं, तुझा काय भरवसा. काही नाही. मी मोठ्याने वाचला. त्याने पुन्हा वाचायला लावला. तिसऱ्यांदा वाचला तेव्हा समोरच्या न्हाव्याच्या दुकानातून दोन माणसं, एक तर तोंडाला साबण तसाच ठेवून, काय झालं बघायला बाहेर आली.

मी रडले. त्याचं कारण मला विचारू नकोस, मी अजून माझ्याच म्हणण्यावर ठाम आहे. तू घरी यायला हवं होतंस. आणि तू आली असतीस तर मी तुला दारातच विचारलं असतं, का आलीस म्हणून.

दादा उजव्याची शिवण उसवून नव्याने घालतोय. आज सुईत दोरा मी ओवून दिला. पहिल्यांदा. त्याने वर न बघता हात पुढे केला आणि मी सुई ठेवली, एवढंच. दुकान बंद करायचा विषय मी ह्या महिन्यापुरता काढणार नाही.

मी त्याला विचारलं, नऊचे एकतीस झाले, पोरीला वाईट वाटलं असेल, काही धीराचं लिहू का? त्याने आरी खाली ठेवली आणि जे सांगितलं ते जसंच्या तसं लिहितेय. म्हणाला, तिला लिही, आकडा कुठलाही असो, टाच झिजवून पाठवलीस तर बूट परत मिळणार नाहीत.

गुडघा सांभाळ, आणि आम्हा दोघांनाही तेवढंच सांभाळून घे.

तुझी,
आत्या