गाढवाची सही

प्रिय क्रिसान्तो,

नेनिताचा फोन तुला येईलच, आणि तुझी बहीण मीठमसाला लावल्याशिवाय काही सांगत नाही, म्हणून आधी माझ्याच तोंडून ऐक. तुझ्या नानयनं, तुझ्या या आईनं, तुझ्या बापाच्या, तातयांच्या, पिस्तुलावर ओरखडा काढलाय. हो, त्याच पिस्तुलावर. डाव्या बाजूला, खिट्टीच्या खाली, चांगली वाकडी रेघ, काळ्या पोलादावर पांढरी उठून दिसणारी. आख्खं दानाव गाव मला हसतंय. परवा बाजारात मासळीवाली बांगडे तोलता तोलता विचारते, काय सालिंगबाई, सुरी धरायला दिली तर हात कापणार नाही ना? घे, आता तूही हसून घे.

तातयांच्या पिस्तुलांच्या कारखान्यात या रेघेला काय म्हणतात ते तुला ठाऊकच आहे. पिस्तूल साफ करून पुन्हा जोडताना ती बाजूची खिट्टी सरळ आत दाबायची असते. घाईघाईत खालून वर फिरवत नेली की ती पोलादावर घासते आणि कायमची खूण ठेवते. गाढवाची सही. गिऱ्हाईक दुरुस्तीला पिस्तूल घेऊन आलं की हे आणि यांचा जोडीदार कारागीर नोंग अंबो आधी ती जागा बघायचे आणि सही दिसली की एकमेकांना कोपरानं ढोसायचे. सगळा जन्म दुसऱ्यांच्या सह्या बघून हसण्यात गेला. स्वतःच्या पिस्तुलावर मात्र एवढ्या वर्षांत एक चरा नव्हता, आणि त्याचा तोरा किती होता ते मी तुला काय सांगू.

तुझं पार्सल मिळालं. पिस्तुलाला लावायची ती छोटी बॅटरी बघून तातय इतके हसले की कवळी हातात काढून घ्यावी लागली. म्हणाले, पोरगा जगभर फिरला पण जुन्या पिस्तुलाला ही बसवायला खाचच नसते हे विसरला. उद्या म्हणेल घड्याळ बसवा, छत्री बसवा. बॅटरी वाया गेली नाही, वीज गेली की मी ती घेऊन कोंबड्या मोजायला जाते. रबरी मूठही त्यांनी नाकारली. तळहातात नीट भरते, धक्का कमी बसेल, असं अंबोनं दहादा सांगितलं, पण यांचं एकच, म्हातारपणी तिला रबरी चपला घालू का? फक्त नळीच्या टोकावरची, नेम धरायची ती नवी माशी, पांढऱ्या ठिपक्याची, तेवढी त्यांनी चालवून घेतली. डोळे आता पूर्वीसारखे नाहीत ना. अंबोकडून बसवून आणली आणि कुणाला सांगू नको म्हणाले, जसं काही मी रस्त्यावर दवंडी पिटणार होते.

मूठ बदलणार नाहीत हे मला ठाऊक होतं. ती मूठ कशाची आहे ते तूही जाणतोस. माझ्या आईनं लग्नात दिलेल्या आरशाच्या टेबलाचा पाय. कामागोंगचं काळं लाकूड, आता सोन्याच्या भावानंही मिळत नाही. मी नेनिताच्या वेळी माहेरी बाळंतपणाला गेले होते, परत येते तर टेबल तीन पायांवर आणि चौथ्याखाली वीट. वर हा माणूस ती मूठ मला कौतुकानं दाखवतोय, बघ सालिंग, रेषा कशा जुळल्यात. त्या दिवशी मी जेवण रांधलं नाही. वीट अजून तिथंच आहे. माझ्या शिवणयंत्राचं तेल त्या बयेच्या अंगाला, माझ्या जुन्या परकराचा मऊ कपडा तिच्या पुसण्याला, आणि मला सणाला नवी चप्पल हवी म्हटलं की यांचं आपलं बघू. सवत म्हणायचे मी तिला, तुम्हा मुलांसमोरसुद्धा. खोटं नाही सांगत, जळायचे मी.

पण ती त्यांनी घडवलेली होती हेही खरं. तिचा वरचा भाग खालच्यावर बसवताना कानस लावून लावून त्यांनी इतका घोटला की हातात धरून नुसती तिरपी केली तरी तो सरकावा. कारखान्याच्या मालकांनी ती विकायला काढली तेव्हा दुसऱ्याच्या घरी जाऊ द्यायला यांचं मन होईना. रीतसर परवाना काढून स्वतःच घेतली. कुणावर रोखली नाही कधी, गावच्या जत्रेत नेमबाजी तेवढी केली. एकदा भाजलेलं डुक्कर जिंकून आणलं आणि सगळ्या गल्लीला जेवू घातलं, ते तुला आठवत असेल.

रविवारचा त्यांचा नेमही आठवत असेल. चर्चमधून आलं की माझ्या जेवणाच्या टेबलावर वर्तमानपत्र अंथरायचं, दात घासायचा जुना ब्रश, तेलाची बाटली, कपडा, सगळं ओळीनं. तू शिकत होतास तेव्हा नळीखालची ती टोपी अंगठ्यानं दाबून धरायला विसरलास, आणि आतली स्प्रिंग सुटून टोपी सुसाट गेली ती थेट बाळ येशूच्या काचेवर. मी ओरडतेय, तू रडतोयस, आणि तातय शांतपणे मूर्ती उचलून म्हणतात, बघ, देवाला काही झालं नाही, काच तेवढी फुटली. त्या काचेवरची चिकटपट्टी अजून काढलेली नाही. पाद्रीबाबा घराला आशीर्वाद द्यायला येतात तेव्हा मी त्यापुढे फुलं ठेवते.

आणि करंगळीचा नियम. आधी गोळ्यांचं मॅगझिन काढायचं, मग वरचा भाग मागे ओढायचा, मग आत बघायचं, आणि बघून झालं तरी करंगळी आत घालून चाचपायचं. डोळे खोटं बोलतात, करंगळी बोलत नाही, हे वाक्य ते तुझ्या कानीकपाळी ओरडत आलेत. मला ते सगळं नाटक वाटायचं. घरात कुणी नसताना, दार बंद असताना, पाच मिनिटांपूर्वी स्वतःच तपासलेलं असताना पुन्हा करंगळी. मी म्हणायचे, अरे तेरिओ, एवढं बायकोकडे लक्ष दिलं असतंस तर.

आता नीट बसून वाच, आणि वाचून लगेच फोन करू नकोस. ते फोनच्या शेजारीच बसलेले असतात.

पावसाळ्याच्या आधीपासून तातय विसरायला लागलेत. पहिल्यांदा मी लक्ष दिलं नाही, विसरतो माणूस. मक्याच्या भातात दोनदा मीठ घातलं. नेनिताच्या पोरीला, जिंगला, नेनिता म्हणून हाक मारली. मग एके दिवशी कोंबड्यांच्या झुंजीवरून परत येताना रस्ता चुकून थेट कधीच सुटलेल्या कारखान्याच्या फाटकाशी जाऊन उभे राहिले आणि पहारेकऱ्याला म्हणाले, उशीर झाला, कापू नका पगार. त्या भल्या माणसानं त्यांना माडी पाजली आणि स्वतः घरी आणून सोडलं. शहरातल्या डॉक्टरीणबाईंनी खूप प्रश्न विचारले, चित्रं काढायला लावली, आणि मला बाजूला घेऊन सांगितलं की हे असंच वाढत जाणार. नेनिता म्हणाली, तो बोटीवर नोकरीला, भर समुद्रात आहे, त्याला कशाला घोर लावायचा. मी ऐकलं तिचं. चुकलंच म्हण.

मग तो रविवार आला. जिंग त्यांच्या समोरच्या खुर्चीवर पाय हलवत बसली होती, मी चुलीपाशी. त्यांनी वरचा भाग आधी ओढला. गोळी बाहेर पडून टेबलावर घरंगळली, आणि तिच्या जागी मॅगझिनमधली दुसरी आत गेली. ती त्यांनी पाहिली नाही. मॅगझिन काढलं ते त्यानंतर. त्यांच्या मते पिस्तूल रिकामं. क्रम उलटा झाला होता, बाळा, जो त्यांनी निम्म्या दानावला शिकवला तो क्रम. पण हात आपल्या सवयीनं पुढे गेला, त्यानं वरचा भाग जरासा मागे सारला आणि करंगळी आत गेली. मी पाहिलं ते त्यांचं तोंड. करंगळी आतच, आणि माणूस दगडाचा झालेला. मग अगदी हळू आवाजात म्हणाले, जिंग, जा बरं, कोंबडीनं अंडं घातलंय का बघ. पोर पळाली. त्यांनी गोळी काढून टेबलावर ठेवली, दुसरीच्या शेजारी. मला म्हणाले, सालिंग, क्रम चुकला. त्या दुपारी त्यांनी खारी मासळीसुद्धा नको म्हटली.

मी रात्रंदिवस धास्तावले होते की आता हे पिस्तूल यांच्याकडून काढून कसं घ्यायचं. हिसकावून घेतलं तर माणूस उरणार नाही, ठेवलं तर जिंग घरात येते. माझं धाडस झालं नाही. केलं त्यांनीच. दुसऱ्या दिवशी सकाळी अंघोळ करून, इस्त्रीचा सदरा घालून मला म्हणाले, चल अंबोकडे. तिथं पिस्तूल त्यांनी स्वतः टेबलावर ठेवलं आणि म्हणाले, गोळीवर आदळतो तो खिळा काढ आणि हिच्या हातात दे. कुठे ठेवते ते मला सांगायचं नाही. गोळ्या तुझ्याकडे ठेव. अंबोनं लगेच पिस्तूल उलगडायला घेतलं. मान खाली घालून काम करत होता आणि नाक ओढत होता. परत येताना तातयांनी मला नव्या चपला घेऊन दिल्या. मी रस्त्यात रडले ते चपलांसाठी असं त्यांना वाटलं असेल.

तेव्हापासून ते पिस्तूल म्हणजे एक जड लोखंड आहे, निवांत राहा. पण रविवार चुकलेला नाही. वर्तमानपत्र, ब्रश, तेल. आता शेजारी मी बसते. जी सवत म्हणून नावं ठेवली तिला उलगडायला शिकले मी या वयात. टोपी अंगठ्यानं दाबून धरते, स्प्रिंग अलगद सोडते, तेल थेंबभरच, जास्त घातलं तर धूळ चिकटते. ते शिकवताना काही विसरत नाहीत रे. सकाळी काय खाल्लं ते सांगता येत नाही, पण माझा अंगठा जरा घसरला की बोटावर टिचकी बसते. मध्ये एकदा खिळ्याचं भोक रिकामं बघून घाबरले, चोरी झाली म्हणाले. मी म्हटलं, अंबोनं घासायला नेलाय. बरं म्हणाले. पुढच्या रविवारी पुन्हा तेच, आणि मी पुन्हा तेच सांगितलं.

आता ओरखड्याचं खरं सांगते, कारण त्यासाठीच हे पत्र लिहायला घेतलं आणि एवढा वेळ इकडचं तिकडचं लिहीत बसले. ती सही माझी नाही. जोडताना त्यांच्याच हातून खिट्टी खालून फिरली, मी शेजारीच होते, आवाजसुद्धा ऐकला. त्यांच्या तेव्हा लक्षात आलं नाही. पुढच्या रविवारी कपडा फिरवताना रेघ दिसली. आधी पिस्तुलाकडे बघितलं, मग स्वतःच्या हातांकडे, उलटे-सुलटे करून, जसे ते हात दुसऱ्या कुणाचे आहेत. आणि मला विचारलं, हे कुणी केलं? रागानं नाही विचारलं. भ्यायले होते. मी त्यांना इतकं भ्यायलेलं कधी बघितलं नाही, गोळी सापडली त्या दिवशीही नाही. मी म्हटलं, मी केलं. तू झुंजीला गेला होतास तेव्हा एकटीनं जोडून बघत होते. त्यावर ते असे हसले, असे हसले की मला वाटलं माझा जुना तेरिओ परत आला. उठून शेजारी सांगत गेले. पाद्रीबाबांना सांगितलं. अंबोला दाखवायला नेलं. अंबोनं रेघ बघितली, माझ्याकडे बघितलं आणि यांच्यापेक्षा मोठ्यानं हसला. देव त्याचं भलं करो. बाकी सगळं विसरतात, पण हे रोज नव्यानं सांगतात, आणि रोज तितकेच खूश असतात. नाताळला तू येशील तेव्हा दारातून आत पाऊल टाकताच तुझ्या हातात पिस्तूल ठेवतील आणि ती जागा दाखवतील. तुला कळेल. त्यांच्या मांडीवर बसून शिकलेला तू, तुला नाही कळणार तर कुणाला. आणि लहानपणापासून तुझी खोड आहे, नानयला कुणी नावं ठेवली की तू मध्ये पडतोस. या वेळी पडू नकोस, बाळा. आधी करंगळी आत घाल, त्यांना दिसेल अशी. मग रेघ बघ, माझ्याकडे बघ, आणि पोट धरून हस.

तुझीच,
सही करणारी गाढवीण,
नानय